मैदानाचे दार

खेळाचे मैदान सर्वांचे असते, असे आपण सहज बोलून जातो. मैदानास भिंत नसते, दारवान नसतो. ज्याच्या अंगी कसब असेल त्याने यावे आणि खेळावे, अशी आपली समजूत असते. परंतु महाराष्ट्रातील क्रिकेटचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानात येते, की मैदानालाही दार असते. ते कधी सताड उघडे असते, कधी बंद असते, आणि कधी केवळ चेंडू आत जाईल एवढेच किलकिले केलेले असते. नवागताचे स्वागत म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास या इतिहासाइतका चांगला गुरू नाही. म्हणून तो वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईत इंग्रजांनी हा खेळ आणला तेव्हा तो त्यांचा आपसांतला विरंगुळा होता. एतद्देशीयांना कोणी बोलावले नव्हते. पारशी मुलांनी तो दुरून पाहिला, अनुकरणाने उचलला, आणि 1848 साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पुढे 1875 साली बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्याचे सदस्यत्व मात्र गोऱ्यांपुरतेच होते. एतद्देशीय तरुण ज्या मोकळ्या जागेवर खेळत, तेथेच जिमखान्याचे सभासद घोड्यांवरून पोलो खेळत आणि टापांखाली खेळपट्टी उखडून जाई. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने या तरुणांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. दीर्घ झगड्यानंतर समुद्रकाठची जागा मिळाली आणि तेथे पारशी, हिंदू व मुसलमान यांचे जिमखाने एकामागून एक उभे राहिले. ज्यांना दुसऱ्याच्या घरात प्रवेश नव्हता त्यांनी स्वतःचे घर बांधले, ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु त्या प्रत्येक घरालाही दार बसविले गेले, हे विसरून चालणार नाही.

या दाराचा सर्वांत कडवट अनुभव ज्यांना आला ते पळवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात वाढला. प्रथम पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरविण्याचे काम त्याने केले. तेथे महिन्याला तीन रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात तो नोकरीस लागला. साहेबमंडळींना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणी हवा असे, म्हणून बाळूच्या हाती चेंडू आला. डावखुऱ्या हाताने तो तासन्‌तास गोलंदाजी करी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज आपणांस बाद केल्यास बाळूला आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. पण त्या सरावात बाळूच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकरीचे काम, आणि फटके मारणे हा मालकांचा आनंद, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. अनेकांच्या नाखुशीनंतर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सारे एकच चेंडू हाताळीत. त्याने कोणास विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. ज्याच्यासोबत आपण खेळतो त्याच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा सवाल न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या काळी केला होता. त्या एका सवालात नवागताच्या स्वागताचे सारे शास्त्र आले आहे. गरज म्हणून आत घेणे वेगळे आणि आपला म्हणून आत घेणे वेगळे.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघास 109 धावांनी हरविले, तेव्हा त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात संघाची कामगिरी सामान्य ठरली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. एवढे होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नाही. 1920 साली चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून माघार घेतली. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. अखेर बाळूंना उपकर्णधार करून भावांना परत आणावे लागले. 1923 साली धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी गोऱ्यांच्या संघावर विजय मिळविला. जो मान थोरल्या भावाला मिळाला नाही तो धाकट्याला मिळाला. दार उघडण्यास एका घरातील एक पिढी खर्ची पडली. विठ्ठलांनी 1948 साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले.

आता आपल्या ख्रिस्ती समाजाशी निगडित असा या इतिहासाचा भाग. मुंबईचे हे सामने 1907 पासून तिरंगी, 1912 पासून चौरंगी झाले होते. गोरे, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे संघ झाले. पण भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध यांनी कोठे खेळावे? 1937 साली पाचवा संघ निघाला आणि सामने पंचरंगी झाले. या पाचव्या संघास नाव मिळाले ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. दार उघडले खरे, पण पाटीवर पाहुण्याचे नावसुद्धा नव्हते. ज्यांची मोजदाद कोणत्याही रकान्यात होत नव्हती, त्यांना शेवटच्या रकान्यात एकत्र लोटले होते.

या ‘उरलेल्यां’चा म्होरक्या होता विजय हजारे. सांगलीस 1915 साली एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना तरुणपणी लाभले. हजारे बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून उभे राहत. पुस्तकी पद्धतीत ते बसणारे नव्हते. परंतु ग्रिमेट यांनी त्यांची ती ढब बदलू नये असाच सल्ला दिला. ग्रिमेट स्वतः न्यूझीलंडमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात गेलेले, म्हणजे एके काळचे नवागतच. नव्याने येणाऱ्यास आपल्यासारखे घडविण्याची घाई न करता, त्याच्यात जे आहे ते फुलू द्यावे, हे त्यांना उमगले होते. त्याच हजाऱ्यांनी प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघाकडून रणजी सामन्यांत बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. तेथे ते ‘महाराष्ट्राचे’ होते. पंचरंगीत मात्र ‘उरलेले’. माणूस तोच, बॅट तीच. बदलली होती ती केवळ पाटी.

डिसेंबर 1943 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगीचा अंतिम सामना हिंदू आणि रेस्ट यांच्यात झाला. विजय मर्चंट यांनी नाबाद 250 धावा केल्या आणि हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले आणि संघाच्या 387 धावांपैकी 309 धावा एकट्याने काढल्या. सहाव्या गड्यासाठी त्यांनी बंधू विवेक यांच्यासह 300 धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा होत्या 21. रेस्टचा संघ एक डाव 61 धावांनी हरला. आकड्यांत तो पराभव आहे, पण तो सामना आजही हजाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि त्या 21 धावांचेही मोल आम्हांस कमी वाटत नाही. दुसऱ्या टोकास कोणी तरी टिकून उभे राहिले, म्हणूनच एवढा पराक्रम शक्य झाला.

क्रिकेटचे संघ धर्मावरून पाडावेत का, हा प्रश्न तोवर ऐरणीवर आला होता. 1940 च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी या सामन्यांविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती. 1946 मध्ये ते कायमचे बंद झाले. पुढे 1948 साली हजाऱ्यांनी अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके केली. 1952 साली मद्रासला इंग्लंडवर भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे. कालचा ‘उरलेला’ साऱ्या देशाचा अग्रणी झाला होता.

आमचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, त्या पंचरंगीच्या काळी निजामाच्या राज्यात होते. मुंबईच्या जिमखान्यांपासून दूर. तरीही या कथेचे एक सुंदर पान आमच्या मराठवाड्याने लिहिले आहे. 3 डिसेंबर 2001 रोजी मोहालीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू झाली. त्या दिवशी भारताकडून तीन खेळाडूंनी पदार्पण केले : बीड येथे जन्मलेले संजय बांगर, आमच्या औरंगाबादेत जन्मलेले इक्बाल सिद्दीकी, आणि केरळचे टिनू योहान्नान. पंचरंगीच्या हिशेबाने हे तिघे तीन वेगवेगळ्या संघांत गेले असते, आणि योहान्नान ‘उरलेल्यां’त. मोहालीस तिघांच्या छातीवर एकच चिन्ह होते. भारताने तो सामना दहा गड्यांनी जिंकला. विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या असताना गोलंदाज सिद्दीकींना सलामीस पाठविले गेले. बाळूंच्या हाती सरावातही बॅट न देणारे मैदान आणि नवागत गोलंदाजास सलामीस धाडणारे मैदान यांच्यामध्ये एक शतक उभे आहे.

हा इतिहास सांगण्यामागे आमचा हेतू केवळ गौरवाचा नाही. आपल्या शहरात कामधंद्यासाठी दरवर्षी नवी कुटुंबे येतात. खेड्यांतून येतात, परप्रांतांतून येतात. त्यांची मुले संध्याकाळी धर्मग्रामाच्या आवारात किंवा वस्तीच्या मैदानाकडेला येऊन उभी राहतात. त्यांना कोणी हाकलीत नाही, हे खरे. सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम त्यांना ताबडतोब मिळते. काही दिवसांनी गोलंदाजीही मिळते. पण बॅट? ती पुष्कळदा ज्याच्या घरून आली त्याच्याच मित्रांत फिरत राहते. खेळ संपल्यावर सारे जण कोणाच्या तरी अंगणात सरबत प्यायला जातात, तेव्हा नव्या मुलास हाक मारायचे राहून जाते. यात कोणाच्या मनात पाप नसते. पण मातीचे ते वेगळे भांडे अशा नकळत राहून गेलेल्या गोष्टींतूनच घडत असते.

बाळूंपासून हजाऱ्यांपर्यंतची वाटचाल पाहता नवागताच्या स्वागताच्या तीन पायऱ्या आम्हांस दिसतात. पहिली, त्याच्या हाती केवळ चेंडू नव्हे तर बॅटही देणे, म्हणजे श्रमाबरोबर आनंदातही वाटा देणे. दुसरी, खेळ संपल्यावर त्याला आपल्या पंक्तीस बसविणे आणि त्याच्या नावाने हाक मारणे. तिसरी आणि सर्वांत अवघड, त्याची पात्रता दिसताच त्याच्याकडे नेतृत्व सोपविणे. पहिल्या पायरीवर थांबून आपण उदार झालो, असे समजण्याचा मोह मोठा असतो. बाळूंच्या काळातील सभ्य गृहस्थांनाही तो झालाच होता.

आपल्या घरातील मुले उद्या मैदानावर जातील. मैदानाकडेला नवे कोण उभे होते, त्याचे नाव काय, आणि त्याला फलंदाजी मिळाली का, एवढे तीन प्रश्न पालकांनी त्यांना संध्याकाळी विचारावेत, अशी आमची विनंती आहे.