आशिकी २

मोहित सुरी दिग्दर्शित हिंदी संगीतप्रधान प्रेमपट (२०१३). पटकथा शगुफ्ता रफीक यांची. संगीत मिथुन, जीत गांगुली व अंकित तिवारी यांचे. ‘अ स्टार इज बॉर्न’च्या वळणाचा हा चित्रपट ‘अभिमान’शी (१९७३) जोडला जातो, पण ते साम्य वरवरचे आहे. तिथे पतीला पत्नीची कीर्ती सलते. इथे गोव्यातल्या बारमध्ये लता मंगेशकरांच्या छायाचित्राकडे पाहत गाणारी आरोही शिर्के गायक राहुल जयकरला भेटते, तेव्हाच तो दारूच्या आहारी गेलेला असतो, आणि पुढे तिला मोठे करणे हाच त्याचा ध्यास होतो. तिच्या यशानंतर पत्रकाराचे हिणवणे त्याला झोंबते हे खरे. पण बाटली त्याआधीची. खरी उणीव वेगळीच: व्यसनाचा इलाज चित्रपट प्रेमावरच सोपवतो आणि राहुलच्या आत्महत्येला त्यागाची झळाळी चढवतो.