बोटीचं तिकीट आणि मेसचं बिल

परवा शनिवारी कपाट आवरताना मार्कशीट्सची जुनी फाईल हाताला लागली. सेकंड इयरला एम-थ्रीमध्ये मला केटी लागली होती. ते बघून आधी हसू आलं आणि मग रूममेट आठवला. त्याला त्याच पेपरात सत्तरच्या वर मार्क होते, आणि मला तो विषय शिकवला तोही त्यानेच. मी आज आयटीत आहे. तो मात्र सेकंड इयरलाच कॉलेज सोडून गावी गेला. घरी आजारपण, स्कॉलरशिपचे पैसे आलेले नाहीत आणि मेसचं तीन महिन्यांचं बिल थकलेलं. तेव्हा हॉस्टेलवर आम्ही सगळे म्हणायचो, "टिकला नाही बिचारा."

हे "टिकला नाही" प्रकरण डोक्यातून जाईना, म्हणून रविवार वाचण्यात घालवला. तर मंडळी, आपल्याच इतिहासात याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप होती. १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण १९१७ मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना बोटीने परत यावं लागलं. वय २६, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. आता बोला, बाबासाहेबांना कुणी "टिकले नाहीत" म्हणेल का?

यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली होती, म्हणजे दार उघडं ठेवलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढ्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. हुशारी १९१७ लाही तेवढीच होती हो! तेव्हा कमी पडले ते पैसे.

पुढे स्वतः कॉलेज काढायची वेळ आली तेव्हा बाबासाहेब हे विसरले नव्हते. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे पोरांना लेक्चर करून नोकरीवर जाता यावं. विचार करा, नुसतं टाइमटेबल बदललं तर किती जणांचं शिक्षण वाचतं!

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील. स्वतः मॅट्रिकही झालेले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. भाऊरावांनी ओळखलं होतं की खेड्यातल्या पोराला फी माफ करून भागत नाही, कारण रात्री झोपायचं कुठे आणि जेवायचं काय हा प्रश्न उरतोच.

गंमत म्हणजे अमेरिकेत आता हेच रीतसर मोजून सिद्ध झालंय. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये दोन वर्षांच्या डिग्रीच्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' नावाची योजना आणली. फीतली उरलेली तूट माफ, पुस्तकांना मदत, मेट्रोचा पास आणि नियमित भेटणारा सल्लागार. अट एकच, फुलटाइम शिकायचं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून तुलना केली. तीन वर्षांत डिग्री घेणारे योजनेबाहेर २२ टक्के आणि योजनेत ४० टक्के. जवळपास दुप्पट! पोरं त्याच कॉलेजांतली, तशाच मार्कांची. मेट्रोचा पास म्हटलं तर किरकोळच गोष्ट, पण तो नसेल तर लेक्चर बुडतं, लेक्चर बुडलं की विषय राहतो, आणि असे दोन-चार विषय राहिले की पोरगा कधी गायब झाला ते कुणाला कळतही नाही.

असो. रूममेटचं थकलेलं बिल किती होतं ते मला अजून आठवतं. आज मी दोन वीकेंडला मल्टिप्लेक्स आणि पिझ्झावर त्याहून जास्त उडवतो. तेव्हा आम्ही विंगमधल्या बाराजणांनी थोडे थोडे काढले असते तर ते सहज भागलं असतं. पण आमच्यापैकी कुणी त्याला विचारलंच नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

तुमच्या ओळखीत सध्या कुणी कॉलेजात असेल तर मार्क किती पडले हे नंतर विचारा. आधी विचारा, मेसचं बिल भरलं का?