जत्रेतला तंबू आणि मैत्रिणींचा घोळका

निलंगा तालुका 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्यामुळे, येथील स्त्रियांच्या सिनेमा पाहण्याचा इतिहास शोधताना मुंबई-पुण्याआधी हैदराबादकडे वळावे लागते. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी 1922 साली तेथे लोटस फिल्म कंपनी स्थापन केली. पुढे मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमाची कथा असलेला ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवताच निजामाने त्यांना संस्थानाबाहेर घालवले. ज्या राज्यात पडद्यावरचे प्रेमही दरबाराला सोसवत नव्हते, तेथे प्रेक्षागृहात स्त्रियांसाठी जनाना, म्हणजे पडद्याआडची वेगळी बैठक, राखली जावी यात नवल नाही.

तालुक्याच्या गावांपर्यंत सिनेमा पोचवला तो मुख्यतः टुरिंग टॉकीजने, म्हणजे तंबू, प्रक्षेपक यंत्र आणि फिल्मची रिळे गाडीत घालून गावोगाव फिरणाऱ्या चित्रपटगृहाने. लातूरची महाशिवरात्रीची सिद्धेश्वर यात्रा किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची मार्गशीर्षातील खंडोबाची यात्रा, अशा जत्रांमध्ये फिरत्या करमणुकीला हक्काचे गिऱ्हाईक मिळे. तमाशाच्या फडासमोर बसणे घरंदाज बाईला शोभत नाही असे मानणारे घर, सिनेमा पौराणिक असला की, सहसा हरकत घेत नसे. तंबूत मधोमध दोर बांधलेला असे. त्याच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी, आणि खाली सतरंजी, नाहीतर उघडी जमीन. मुलींना एकटीने जाण्याची मुभा नसे, पण मैत्रिणींच्या घोळक्याबरोबर एखादी वयस्कर काकू सोबतीला निघाली की परवानगी मिळून जाई, आणि ती काकू पहिल्या रिळातच पेंगू लागली तर घोळक्याचे काम अधिकच सोपे होई. सोयरिकीची बोलणीही जत्रेतच निघत असल्याने बांगड्यांच्या दुकानापाशी रेंगाळणाऱ्या मुलींकडे भावी सासवांचे लक्ष असे. मुलींचे लक्ष कुठे असे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

ज्याला आज चित्रपट महोत्सव म्हणतात, म्हणजे देशोदेशीचे निवडक चित्रपट काही दिवस सलग दाखवणारा सोहळा, तो भारतात 1952 साली मुंबईत सुरू झाला आणि 2004 पासून गोव्यात स्थिरावला. तो शहरी, पास गळ्यात अडकवून पाहण्याचा प्रकार असून, निलंग्याच्या बायकांचा महोत्सव त्याआधीपासून जत्रेत भरत होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. मराठी विनोदी चित्रपटाने मात्र या घोळक्याकडे फार उशिरा पाहिले. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) मध्ये लुगडे नेसून हशा मिळवतात ते पुरुष, आणि केवळ बायकांच्या सहलीवर हसत-खेळत उभा राहिलेला ‘झिम्मा’ यायला 2021 उजाडले. त्यातल्या सातही जणी जातात इंग्लंडला.

दोरापलीकडे बसून सिनेमा पाहिलेल्या स्त्रिया आज आजीच्या वयाच्या आहेत. मराठवाड्यातील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्या आठवणी, त्यांच्याच बोलीत, आताच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.