संध्याकाळी घरी परतणारे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की सेमिनरीत शिकलेल्या आमच्या पिढीला बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही नावे आठवतात. आम्ही स्वतः एका कुंपणाआड राहून शिकलो. प्रार्थना, भोजन, अध्ययन, खेळ सारे एकाच आवारात. त्यामुळे तास संपताच घराची वाट धरणारा विद्यार्थी विद्यार्जनात काहीसा उणाच, असा ग्रह माझ्या मनात कित्येक वर्षे होता. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासाने तो बराचसा दूर केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन या राजधानीतील सरकारी कचेऱ्यांचा पसारा वाढत गेला आणि पोटोमॅक नदीपलीकडील उत्तर व्हर्जिनियाच्या शेतजमिनींवर नोकरदारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलांनी शाळा संपविल्यावर जायचे कोठे? व्हर्जिनिया राज्याचे नामांकित विद्यापीठ शार्लट्सव्हिल येथे, म्हणजे सुमारे शंभर मैलांवर. १९५६ साली विधिमंडळाने त्या विद्यापीठाची शाखा उत्तरेकडे काढण्यास संमती दिली. १९५७ साली बेलीज क्रॉसरोड्स येथे प्राथमिक शाळेच्या एका जुन्या, डागडुजी केलेल्या इमारतीत ती सुरू झाली. विद्यार्थी होते १७!

पुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते. १९५८ साली फेअरफॅक्स या लहानशा नगराने १५० एकर जमीन विकत घेऊन महाविद्यालयासाठी देऊ केली. १९६४ साली तेथे चार इमारती आणि ३५६ विद्यार्थी असा संसार थाटला गेला. १९६६ साली चार वर्षांच्या पदवीचा अधिकार मिळाला. १९७० मध्ये फेअरफॅक्स व आर्लिंग्टन या काउंटी आणि अलेक्झांड्रिया व फॉल्स चर्च ही शहरे एकत्र आली व जमिनीसाठी ३० लाख डॉलर देण्यास राजी झाली. आवार सुमारे ६०० एकरांचे व्हावे, हा हेतू. ज्यांची मुले तेथे शिकणार, त्या करदात्यांचाच हा पैसा. राजाश्रयाने किंवा एखाद्या धनिकाच्या देणगीने उभ्या राहिलेल्या विद्यापीठांहून हे कुळ वेगळे. ७ एप्रिल १९७२ रोजी ते स्वतंत्र विद्यापीठ झाले.

विद्यार्थ्यांच्या राहण्याची पहिली सोय मात्र झाली १९७७ साली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल वीस वर्षांनी. तोवर सर्वांचीच रोजची ये-जा. १९८६ साली मेट्रो रेल्वे व्हिएन्ना स्थानकापर्यंत आली, पण तेथून विद्यापीठ काही मैल दूरच. पहाटेची गाडी पकडून मुंबईच्या कॉलेजात जाणारी आमच्या धर्मग्रामातील मुले पाहिलेल्या मला हा शीण निराळा सांगावा लागत नाही.

१९७८ ते १९९६ या काळात जॉर्ज जॉन्सन अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठ झपाट्याने वाढले. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन येथे आले आणि १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. संस्थेच्या गौरवात हे नेहमी अग्रभागी सांगतात, आणि ते स्वाभाविकच आहे. माझे लक्ष मात्र जॉन्सन यांचे नाव दिलेल्या इमारतीकडे वळते. १९९० च्या दशकाच्या मध्यास बांधलेल्या या वास्तूत ग्रंथालय, खाणावळी, पुस्तकांचे दुकान, चित्रपटगृह सारे एकाच छपराखाली आणले गेले. दोन तासांमधला वेळ मोटारीत बसून काढणाऱ्या विद्यार्थ्याला खोली नसली तरी निदान टेकायला जागा मिळाली. माझ्या मते विद्यार्थ्याला पारितोषिकापेक्षा याचीच गरज अधिक होती.

आज विद्यार्थीसंख्या ४० हजारांच्या घरात आहे. त्यांपैकी आवारात राहणारे थोडेच.

आणि नावाविषयी. जॉर्ज मेसन यांनी १७७६ साली व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला आणि १७८७ साली देशाच्या राज्यघटनेवर सही करण्यास नकार दिला. त्या घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती, हे त्यांचे एक मोठे कारण. याच मेसन यांच्या मालकीचे शंभराहून अधिक गुलाम होते. विद्यापीठातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी त्या गुलामांचा इतिहास शोधला आणि २०२२ साली त्यांचे स्मारक उभारले. त्यात मेसन यांचा सेवक जेम्स आहे, आणि त्यांनी आपल्या मुलीला देऊन टाकलेली दहा वर्षांची पेनी आहे. ते स्मारक जॉन्सन यांच्या त्या इमारतीलगतच्याच चौकात आहे. संध्याकाळी घाईने घरी निघालेले विद्यार्थी त्या चौकातून जातात.