सापगावची गाडी

मंडळी, गेल्या शनिवारी काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. मामाकडे सापगावला गेलो होतो. आणि जाताना जे झालं त्यातूनच आजचा विषय निघाला.

सापगाव म्हणजे शहापूर तालुक्यातलं भातसा नदीजवळचं गाव. "मुंबईहून किती लांब?" असं शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "किलोमीटर विचारू नकोस, गाड्या विचार." कसारा लोकलने आसनगाव, तिथून शेअर रिक्षाने शहापूर, आणि शहापूरच्या स्टँडवरून मुरबाड बाजूची एसटी. सीएसएमटी ते आसनगाव साधारण ८५ किलोमीटर. ते कापायचं टेन्शन कधीच नसतं. खरी परीक्षा शेवटच्या चार-पाच किलोमीटरची. नेटवर्किंगवाले ज्याला 'लास्ट माइल' म्हणतात ना, अगदी तेच.

त्या शुक्रवारी तुटलेलं बिल्ड दुरुस्त करत बसलो आणि लोकल चुकली. पुढच्या लोकलने शहापूरला पोचलो तोवर शेवटची गाडी निघून गेली होती. चूक सर्वस्वी माझी. लॅपटॉपची बॅग पाठीला लावून मुकाट्याने चालत निघालो. मामा ओट्यावर वाट बघत बसलेला. पहिलं वाक्य काय, तर "अरे, गाडी चुकवलीस ना? गाडीचा टाइम बघून ऑफिसातून निघायचं असतं!" आमच्या ऑफिसात हे कोणाला सांगू?

असो. सकाळी चहा घेऊन मामाबरोबर भातसेच्या पुलावर गेलो. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सावधानतेच्या सूचनेत हमखास नाव येतं तो हा सापगावचा पूल. मामा सहज म्हणाला, "तुझ्या नळाला येतं ते हेच पाणी." खरंच आहे. मुंबईच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. हे पाणी ना लोकल बदलत, ना रिक्षा शोधत. थेट जातं. मग घरी येऊन तारखा एकाखाली एक मांडल्या, आणि जरा गंमत वाटली. गंमत म्हणजे तशी हसण्यासारखी नव्हे.

आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली १८५३ मध्ये. वासिंदपर्यंत १८५५, कसाऱ्यापर्यंत १८६१, आणि थळ घाट चढून इगतपुरीला १८६५. म्हणजे शहापूर तालुक्यातून रूळ गेले त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. पण ते या तालुक्यासाठी टाकलेले नव्हते. घाटावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता, तालुका वाटेत लागला इतकंच. मग १८९२ मध्ये याच तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला पोचलं. पुढे भातसा धरण झालं. मुंबईकडे जाणाऱ्या वस्तूंची सोय अशी आधीपासून चोख. रुळांपासून आतल्या गावातल्या माणसाला मात्र पाय किंवा बैलगाडी.

मधल्या काळात खासगी सर्व्हिस मोटारी आल्या. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्यातल्या काही कोळशाच्या गॅसवरसुद्धा धावल्या. पण धंदा तो धंदा. जिथे उतारू जास्त तिथे मोटारींची झुंबड, बाकी रस्त्यांवर शुकशुकाट. गाडी भरली की सुटायची. त्यात कोणाचा दोष नाही, पण 'भरली की सुटेल' हे काही टाइमटेबल नव्हे.

टाइमटेबल आलं ते एसटीबरोबर. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली गाडी धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बॉडीची, ३० आसनांची. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. सुरुवातीला अशा ३६ गाड्या होत्या, आणि रंग लाल नव्हे बरं का, निळा आणि चंदेरी! १९५० च्या कायद्याने महामंडळांना पाया मिळाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि 'गाव तेथे एसटी' हे ब्रीद भिंतीभिंतीवर दिसू लागलं. पुढे हा ताफा अठरा हजारांवर गेला होता.

माझ्या मते यातली मोठी गोष्ट गाड्यांची संख्या नाही. गाडीत चार माणसं असली तरी ती ठरल्या वेळी सुटणार, ही आहे. गर्दीच्या मार्गावर कमवायचं आणि आडगावच्या मार्गावर घालवायचं, असा तो हिशोब. विद्यार्थ्याला एक तृतीयांश भाड्यात पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि मुक्कामी गाडी! रात्री गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. आमच्या भाषेत २४ तास सपोर्ट, फक्त ऑनसाइट अलाउन्स तेवढा नसतो.

ही सिस्टीम डाऊन झाल्यावर काय होतं ते मामेभावाच्या मुलीने सांगितलं. २०२० मध्ये लॉकडाऊनने सगळंच बंद झालं. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचं दुखणं खरं होतं, त्यांचे पगार पाहिले तर कोणालाही पटेल. ही तेव्हा दहावीत. सापगाव जवळ म्हणून ती शहापूरला चालत जायची. तिच्या मैत्रिणीचं घर बरंच आत. चालण्याचा प्रश्नच नव्हता आणि जीपचं भाडं रोज परवडेना. "ती मग परीक्षेलाच आली," एवढं सांगून ही भांडी घासायला उठली. दोघींची वही तीच, पुस्तक तेच. फरक फक्त एका गाडीचा.

आता याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. उत्तम रस्ता आहे, मीही जाणार आहे. नागपूर मुंबईच्या जवळ आलं हे खरंच. पण त्या मैत्रिणीची शाळा त्याने एक इंचभरही जवळ आलेली नाही. तिला जवळ आणू शकते ती सकाळची एक लाल गाडी, रोज, वेळेवर.

रविवारी परत निघालो तेव्हा मामा वीस मिनिटं आधीच मला रस्त्यावर घेऊन आला. गाडी आली. मी चढलो आणि कंडक्टरने दोरीला हात घातला, तोच मागून एक आजी टोपली घेऊन येताना दिसल्या. त्याचा हात थांबला. आजी चढल्या, त्याने टोपली आत ओढून घेतली, मग घंटी दिली. गाडीत आम्ही नऊ जण होतो.

तुमच्या गावची शेवटची गाडी किती वाजताची आहे, सांगता येईल? मला आता माझी पाठ आहे.