मिथेनॉल : नाव आणि इंधन
(पेण-रोह्याच्या अनुषंगाने)

'मिथेनॉल' ही संज्ञा परकी वाटली, तरी तिचे मूळ मराठी वाचकास अपरिचित नाही. 1834 च्या सुमारास द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवाचा अभ्यास करताना ग्रीक 'मेथू' (मद्य) आणि 'हूले' (लाकूड, रान) या शब्दांपासून 'मेथिलीन' ही संज्ञा घडविली. पुढे तिच्यावरूनच 'मिथेनॉल' हे नाव आले. यांतील 'मेथू' हा संस्कृत 'मधु'चा सगोत्र होय. नाव मधूचे असले, तरी गुण विषाचा आहे. 2015 साली मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसांचा बळी घेतला. नावावरून वस्तूची पारख करू नये, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील पेण व रोहे तालुक्यांच्या डोंगरांत हे काष्ठमद्य निर्माण होत असे. मात्र ते कोणाच्याच हाती लागत नसे. कातकरी कुटुंबे व्यापाऱ्याकडून उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्या लावीत. रचलेल्या लाकडांवर पाला पसरून माती लिंपली जाई आणि कोंडलेल्या आगीत लाकूड कित्येक दिवस धुमसत राही. कोळसा व्यापाऱ्याकडे जाई, मिथेनॉलचा अंश धुराबरोबर हवेत विरे आणि उचलीचे ओझे कातकऱ्याच्या माथी राही.

1923 साली जर्मनीतील लॉइना येथे कोळशापासून मिळविलेल्या वायूंतून मिथेनॉल मोठ्या प्रमाणावर बनू लागले. पुढे नैसर्गिक वायूचा उपयोग सुरू झाला. लाकूड गेले, नाव राहिले. 2012 मध्ये आइसलंडमधील स्वार्त्सेंगी येथे भूगर्भीय वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाण्यातून वेगळा केलेला हायड्रोजन यांच्या संयोगातून मिथेनॉल बनविणारा कारखाना सुरू झाला. धूरच कच्चा माल ठरला.

रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या खाडीमुखाशी साळाव येथील लोहप्रकल्पात दररोज सुमारे 100 टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची सोय आहे. शुद्ध केलेला हा वायू शीतपेयांकडे जातो आणि बाटली उघडताच पुन्हा हवेत मिसळतो. पेण तालुक्यातील डोलवी येथेही मोठा पोलाद कारखाना आहे. म्हणजे कच्चा माल दाराशीच आहे. साळावच्या 100 टनांतून, रासायनिक हिशेबाने, सुमारे 73 टन मिथेनॉल होईल. त्यास 13.6 टन हायड्रोजन लागेल आणि तो पाण्यापासून मिळवावयाचा, तर किलोस 50 युनिट धरून रोज जवळजवळ 7 लाख युनिट वीज खर्च होईल. ती वीज कोळशाची असल्यास एका धुराड्याचा धूर वाचविण्यासाठी दुसरे धुराडे अधिक ओकेल. शिवाय इंधन जळताच त्यातील कार्बन हवेत परततोच. तो दोनदा उपयोगी पडतो, नाहीसा होत नाही.

या इंधनास 'शाश्वत' हे विशेषण सध्या सर्रास लावले जाते. त्या शब्दाचा अर्थ नित्य, न ढळणारा असा आहे. तो खरा ठरावयाचा, तर हायड्रोजन कोणत्या विजेचा आणि कार्बन कोठला, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. तिसरा प्रश्न पेण-रोह्याच्या डोंगरांतला आहे: लाभ कोणाचा आणि उचल कोणाच्या माथी? जुन्या भट्टीने त्याचे उत्तर दिले होते. नव्या भट्टीने ते बदलले, तरच नवे नाव सार्थ होईल.