पंख्याचा आवाज आणि मेजावरच्या संगणकाची भाकितं

मागच्या वेळी आपण घड्याळाच्या टिकटिकीबद्दल बोललो. त्यानंतर एका श्रोत्याने मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस सारखा यंत्रांच्या आवाजात का अडकतो?" खरं सांगायचं तर उत्तर सोपं आहे. शब्द हा आकाशाचा गुण आहे असं वैशेषिकांनी मानलं, आणि तो पाण्यावरच्या तरंगांसारखा पसरतो की कदंबाच्या कळीसारखा सगळीकडे फुटतो, यावर आपल्या नैयायिकांनी काथ्याकूट केला. मी त्याच घराण्यातला. फक्त माझा आवाज संगणकाच्या पंख्याचा आहे.

मी पहिला संगणक १९९८ साली घेतला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला. त्यात दोन पंखे होते, एक मागे एसएमपीएसमध्ये आणि दुसरा प्रोसेसरच्या डोक्यावर. चालू केला की गिरणीच्या शेजारी राहायला गेल्यासारखं वाटे. एके दिवशी दुपारी अचानक शांतता झाली. मला फार बरं वाटलं. त्या शांततेत मी अर्धं पान टंकलं, आणि मग पडदा गोठला. पान गेलं ते गेलंच. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने अडकून बंद पडला होता.

भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानतात. भूतलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे ज्ञान होतं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षच दिसतो. मी आयुष्यभर वर्गात घट आणि भूतल शिकवत आलो, पण त्या दुपारी अभाव माझ्या कानांना ऐकू आला होता आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. (हशा) असो.

आता इतिहासाकडे येऊ. संगणकातला पंखा नको, ही इच्छा संगणकाइतकीच जुनी आहे. १९७७चा ॲपल टू हा पंखा नसलेला संगणक. स्टीव्ह जॉब्सला झेनची ओढ होती आणि पंख्याची घरघर त्याला सहन होत नसे. पण इच्छा असून भागत नाही, उष्णतेला वाट द्यावी लागते. ती वाट रॉड हॉल्ट या अभियंत्याने काढली. त्या काळचे साधे वीजपुरवठे बरीचशी वीज नुसती उष्णता म्हणून वाया घालवत. हॉल्टने स्विचिंग पद्धतीचा पुरवठा बनवला, त्यात नासाडी कमी, म्हणून पंख्याची गरज नाही. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला 'एसएमपीएस उडाला' म्हणतो, ती हीच जातकुळी. पण गंमत बघा, लोकांनी ॲपल टूमध्ये जादा कार्डं खुपसायला सुरुवात केली, तो तापू लागला, आणि मग केन्सिंग्टन नावाच्या कंपनीने त्याच्या कुशीला अडकवायचा पंखा विकायला काढला. मालकाने दारातून घालवलेला पंखा गिऱ्हाइकाने खिडकीतून आत आणला.

१९८०च्या ॲपल थ्रीमध्ये हाच हट्ट महागात पडला. पंखा नाही, उष्णता ॲल्युमिनियमच्या जड बैठकीतून बाहेर जायची. यंत्रं तापत, चिपा खोबणीतून सैल होत. यंत्र काही इंच उचलून मेजावर आपटा म्हणजे चिपा परत बसतील, असा सल्ला गिऱ्हाइकांना मिळाल्याचं सांगतात. सगळा दोष पंख्याच्या अभावाचा नव्हता, आतल्या जोडण्याही कच्च्या होत्या. पण नाव खराब झालं ते झालंच. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८१मध्ये, आयबीएमचा पीसी आला. त्याला कुठलाही अध्यात्मिक आग्रह नव्हता. ६३.५ वॉटचा वीजपुरवठा, त्यात एक पंखा, आवाज झाला तर होऊ दे. कार्यालयात टंकलेखन यंत्रांच्या खडखडाटात तो कोणाला ऐकू येणार? बाजारात जिंकला तो हाच.

६३.५ वॉट हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

यानंतरची वीस वर्षं मी भराभर ओलांडतो. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट मांडली होती. ट्रान्झिस्टर लहान करत गेलो, तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, आणि मग चिपेच्या तेवढ्याच तुकड्याला लागणारी वीज साधारण तेवढीच राहते. म्हणजे वेग वाढवा, चटका वाढणार नाही. हे काही दशकं बऱ्यापैकी खरं ठरलं. मग व्होल्टेज आणखी उतरवता येईना, कारण बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज पाझरू लागली. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळतं, तसं. असे कोट्यवधी नळ. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगरने अभियंत्यांच्या परिषदेत सांगितलं की हे असंच चाललं तर चिपेवरची उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळीच्या, मग सूर्याच्या पृष्ठभागाच्या तोडीची होईल. तरी त्याच कंपनीने पेंटियम फोर वेगाच्या मागे पळवला. २००४च्या फेब्रुवारीत आलेला त्याचा 'प्रेस्कॉट' हा अवतार शंभर वॉटच्या वर जाऊ शकत होता. त्याच वर्षी पुढची आवृत्ती रद्द झाली, चार गिगाहर्ट्झचं आश्वासन मागे घेतलं गेलं, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्थात थट्टेने, माफी मागितली.

सुटका कुठून झाली? लॅपटॉपकडून. इस्राएलमधल्या हैफाच्या गटाने लॅपटॉपसाठी बेताने वीज खाणारा प्रोसेसर बनवला होता. त्याच वळणावर २००६चा कोअर टू आला आणि डेस्कटॉपचे पंखे पुन्हा खालच्या सुरात आले. ज्या लॅपटॉपने डेस्कटॉपचा बाजार खाल्ला, त्यानेच त्याचा ताप उतरवला.

आता खेळ. इथे माझं ज्ञान नातवाकडून उसनं आहे हे मान्य करतो. १९९६ साली 'क्वेक' आला आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड. चित्र काढण्याचं ओझं प्रोसेसरवरून वेगळ्या कार्डावर गेलं. पहिल्या व्हूडूवर पंखा नव्हता. सात वर्षांनी, २००३च्या सुरुवातीला, एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं, आणि त्याच्या पंख्याचा आवाज असा की लोकांनी त्याला हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव दिलं, 'डस्टबस्टर'. कंपनीने स्वतःच आपल्या कार्डाची टिंगल करणारी चित्रफीत काढली. मोठेपणा म्हणायचा की नाइलाज, तुम्ही ठरवा.

त्यानंतर शांततेचाच एक बाजार उभा राहिला, आणि त्याच्या मुळाशी एक साधं गणित आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाजाची शक्ती जवळजवळ वेगाच्या पाचव्या घाताने उतरते, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. सुमारे १५ डेसिबल. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवा. ८० मिलिमीटरचे पंखे गेले, १२० आणि १४०चे आले. ऑस्ट्रियातली नॉक्टुआ ही कंपनी २००५पासून हेच करते आहे. त्यांच्या पंख्यांचे रंग तपकिरी आणि फिकट पिवळसर, अगदी जुन्या सरकारी कचेरीच्या भिंतीसारखे, पण लोक हौसेने घेतात. चार तारांच्या पंख्याला वेग सांगणारा संकेत सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद होतो. तेवढाच का? माणसाचा कान २०,०००च्या पलीकडे ऐकत नाही म्हणून. आपल्या कानाची मर्यादा त्या तारेत गृहीत धरली आहे.

आणि आता ते ६३.५ वॉट आठवा. २०२२चं आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॉटचं आहे, २०२५चं ५०९० हे ५७५ वॉटचं. पहिल्या आयबीएम पीसीचा अख्खा वीजपुरवठा नऊ वेळा त्यात बसेल. तरीही हे कार्ड त्या डस्टबस्टरपेक्षा शांत आहे, कारण त्याच्यावर विटेएवढा मोठा हीटसिंक आणि रुंद पंखे आहेत. उष्णता कुठे गेली? खोलीत. पुण्याच्या मे महिन्यात नातू खेळायला बसला की माझ्या सुनेची तक्रार असते की त्याच्या खोलीचा एसी नुसता त्या डब्यासाठी चालतो.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. भाकितं.

२००८च्या तिसऱ्या तिमाहीत जगात पहिल्यांदा डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त गेले. २०१०च्या जूनमध्ये जॉब्सने पीसीला मालट्रकची उपमा दिली: राहतील, पण थोड्यांना लागतील. २०११च्या ऑगस्टमध्ये एचपी, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी पीसी कंपनी, हा धंदा वेगळा काढायचा विचार करतो म्हणाली, आणि ऑक्टोबरमध्ये विचार सोडला. त्या वर्षी सुमारे साडेछत्तीस कोटी पीसी गेले, त्यात लॅपटॉपही आले. मग उतार लागला. २०१३च्या पहिल्या तिमाहीत आयडीसीने जवळजवळ १४ टक्के घट मोजली, आणि वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले.

तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि एका शिक्षणसंस्थेच्या सल्लागार समितीवर होतो. संगणक-प्रयोगशाळेतली डेस्कटॉप यंत्रं जुनी झाली होती. प्रश्न होता, नवी घ्यायची का टॅबलेट घ्यायचे? माझ्यासमोर हेच आकडे होते. मी तर्कशास्त्राचा माणूस, मी सभेत चांगलं तीन परिच्छेदांचं टिपण वाचलं की डेस्कटॉपचं युग संपलं आहे. सही केली. टॅबलेट आले. चार वर्षांनी त्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या आणि ते कपाटात होते. टॅबलेट उघडून दुरुस्त करता येत नव्हते. ज्या मुलांच्या घरी संगणक नव्हता, त्यांच्याकडे कीबोर्डवर प्रोग्रॅम लिहायला जागा उरली नव्हती. त्या तीन-चार तुकड्या माझ्या सहीखाली गेल्या. यात संस्थेचा दोष मी मानत नाही. टिपण माझं होतं.

आकडे खोटे होते का? नाही. मी चुकीचं मोजमाप वाचलं. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? बाजार मोजणारे रथ मोजतात, विकलेले अख्खे रथ. पण डेस्कटॉपवाला रथ विकत घेतच नाही. या वर्षी चाक, पुढच्या वर्षी आस. माझ्या नातवाचं कॅबिनेट २०१४चं आहे, त्याच्या आतलं एकही अवयव २०१४चं नाही. तो संगणक कोणत्या वर्षीच्या विक्रीत धरायचा? जुन्या डब्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसलं, तर 'पीसी विक्री' शून्य आणि कार्ड कंपनीचा धंदा वाढलेला. एनव्हिडियाचा खेळांचा विभाग २०२२च्या आर्थिक वर्षात साडेबारा अब्ज डॉलरच्या जवळ गेला होता. मृत्युलेखानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी.

मग हेही सांगायला हवं की त्या वाढीत खेळाडूंबरोबर इथेरियमचे खाणकामवालेही होते. कार्डं दुप्पट भावाने जात होती. साथीच्या काळात घरून काम, घरून शाळा. २०२१ साली पीसींची संख्या पुन्हा पस्तीस कोटींच्या आसपास गेली, आणि लगेच भाकितं उलटी फिरली: पीसीचं पुनरुज्जीवन! २०२३मध्ये सव्वीस कोटींवर आपटली. दोन्ही वेळा भाकितवाल्याने शेवटचे दोन बिंदू जोडून रेघ पुढे ओढली. व्याप्तिग्रह म्हणतात आमच्याकडे. धूर आणि अग्नी चार वेळा एकत्र पाहिले म्हणून व्याप्ती सिद्ध होत नाही, उपाधी शोधावी लागते. ओलं लाकूड आहे का बघावं लागतं.

भारताची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे बहुतेकांचा खेळ थेट मोबाइलवर सुरू झाला. २०२०च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा घराघरांत शोककळा पसरली होती. त्या मुलांना पंख्याचा आवाज ठाऊकच नाही. डेस्कटॉप राहिला तो सायबर कॅफेतून निघून नेटाने जुळवाजुळव करणाऱ्या थोड्या घरांत, ॲनिमेशन आणि संकलन करणाऱ्यांकडे, आणि अर्थात प्रत्येक तलाठी कार्यालयात.

गेल्या वर्षी मी त्या संस्थेत पुन्हा गेलो. एका तरुण शिक्षिकेने जुन्या बाजारातून सुटे भाग आणून सहा डेस्कटॉप जुळवले होते. कॅबिनेटची एक बाजू उघडीच, कारण उन्हाळ्यात तापतात. पंखे भलतेच आवाज करत होते. ती म्हणाली, "सर, नवे पंखे दोन-चारशे रुपयांना येतात, पण आधी मेमरी घ्यायची आहे." आता मेमरीचीच पंचाईत. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या, भाव चढले, आणि मायक्रॉनने आपला 'क्रुशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच आवरायचं जाहीर केलं. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे कितीतरी चालती यंत्रं कागदोपत्री म्हातारी झाली. त्या सहापैकी चार त्यातलीच. तिने त्यांवर लिनक्स घातलं.

मला आता कोणी डेस्कटॉपचं भविष्य विचारलं तर मी टिपण लिहीत नाही. नातू परवा म्हणाला, "आजोबा, कार्डातून बारीक शिट्टी येतेय, कॉइल व्हाइन, ऐकू येतेय का?" मी कान लावला. पंख्याची घूं घूं ऐकू आली. शिट्टी नाही. माझ्या वयात वरचे सूर जातात. त्याला म्हटलं, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, आणि मागच्यांना माझं ऐकू येत नसेल तर हा वरचा पंखा जरा कमी करायला सांगा.